आमेनचा सूर

सरलाबाई आढावांचा सूर हलत नाही, ही गोष्ट दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. ती गेली कित्येक वर्षं खरी राहिलेली नाही, हे मात्र एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि नेमकं त्याच माणसाशी सरलाबाईंचं लग्न झालेलं होतं.

मंडळी म्हणजे तशी मूठभरच. कुणी नगरकडचे, कुणी जालन्याचे, कुणी पुण्याचे. नोकऱ्यांच्या निमित्ताने आले आणि इथलेच होऊन बसले. स्वतःचं चर्च नाही. एका जुन्या हिंदी चर्चची इमारत महिन्यातून एका रविवारी मागून घ्यायची, आणि सणाच्या दिवशी हिंदीवाल्यांच्या सोयीने उरेल ती वेळ पदरात पाडून घ्यायची. गुड फ्रायडेला त्यांची तीन तासांची उपासना भर दुपारी, म्हणून मराठीला सकाळ. पोरं घरी मराठी बोलतात तीही 'मम्मा, मी थक गयी' छापाची. पण गाणी मात्र शुद्ध मराठीच. त्यात कुणी ढिलाई करायला गेलंच, तर खंडेराव साळवे करू देत नाहीत. खंडेराव मंडळीचे पंच. रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचा.

तर या मंडळीची गुड फ्रायडेची एक रीत होती. त्या दिवशी ऑर्गन वाजवायचा नाही. प्रभू क्रुसावर असताना वाद्यानेही गप्प बसावं, असं कुणा जुन्या पाळकांनी घालून दिलेलं. उपासनेच्या अगदी शेवटी पाच कडव्यांचं एक गाणं असायचं, ते एकटीने म्हणायचं. ऑर्गनने सुरुवातीला फक्त एक सूर द्यायचा आणि झाकण लावून टाकायचं. लाकडावर लाकूड बसल्याचा तो आवाज पार मागच्या बाकापर्यंत जायचा. मग पाच कडवी नुसत्या गळ्याची. पाचवं कडवं सुरू झालं की झाकण उघडायचं, आणि शेवटच्या 'आमेन'ला ऑर्गन आणि सगळी मंडळी एकदम.

आता गाणारा कितीही तयारीचा असो, पाच कडवी बिनआधाराने म्हटल्यावर सूर थोडातरी खाली सरकतोच. आणि आमेनला ऑर्गन आला की सगळं उघडं पडतं. सरलाबाईंचं कधी पडलं नाही. लग्न होऊन दिल्लीत आल्यापासून त्या ते गाणं म्हणत आलेल्या, आणि आमेनला सूर जिथल्या तिथे. लोक त्या एका क्षणाची वर्षभर वाट बघायचे, खोटं कशाला बोला. उपासना संपली की त्या दिवशी कुणी कुणाशी बोलायचं नाही, गुपचूप बाहेर पडायचं. पण फाटकाबाहेर पाऊल पडायचा अवकाश, खंडेराव सरलाबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणायचे, "ऑर्गन खोटं बोलत नाही, बाई! केसभर हलला नाहीत!"

पण ऑर्गन खोटं बोलत होता. बोलायला लावत होते पद्माकरराव.

पद्माकरराव आढाव आयुष्यभर फरीदाबादच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत बसले आणि रविवारी ऑर्गन वाजवत आले. माणूस अबोल. जे काय बोलायचं ते बोटांनी. मुलाच्या, मानसच्या, लग्नाच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षी गुड फ्रायडेला त्यांनी नेहमीप्रमाणे काळी चारचा सूर दिला, झाकण लावलं, आणि मान खाली घालून ऐकत बसले. दुसऱ्या कडव्यात वर एक लांब ओढ आहे. तिथून परत येताना सरलाबाई किंचित खाली टेकल्या. किती? कुणाला कळणारही नाही इतक्या. पण तिसऱ्यात आणखी, चौथ्यात आणखी. पाचव्यात त्या सरळ पांढरी पाचवर, म्हणजे अर्धा सूर खाली, गात होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पद्माकररावांचा हात झाकणाकडे गेला. झाकण उघडलं. समोर काळी चार, जिथे जायला हवं तिथे. शेजारी पांढरी पाच, जिथे बायको उभी होती तिथे. विचार करायला वेळच नव्हता. बोटं आपोआप बायकोकडे गेली. आमेन दणक्यात झाला. खंडेरावांनी हात हातात घेतले. सरलाबाई घरी येताना विचारत होत्या, "कसं झालं हो?"

"छान," पद्माकरराव म्हणाले.

मग ते दरवर्षीचंच झालं. ती जिथे उतरेल तिथे हे आधीच सूर घेऊन हजर. पुढे पुढे ती काळी तीनपर्यंत खाली यायला लागली, म्हणजे पुरा एक सूर. सुरुवातीचा सूर ऐकून इतक्या वेळाने तो नेमका लक्षात ठेवेल असा कान मंडळीत दुसरा नव्हता. आणि पद्माकररावांना यात फसवणूक वगैरे काही वाटत नव्हती बरं का. ऑर्गनने गाणाऱ्याच्या मागे चालायचं असतं, पुढे नाही, असं त्यांचं साधं मत. बायको वाटेत थांबली तर आपणही थांबायचं, इतकंच.

मग नोव्हेंबरात त्यांना झटका आला. धुराचे दिवस, सकाळी दूध आणायला म्हणून निघाले आणि लिफ्टच्या दारातच बसले. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीपुरता परत आला, जीभ जड झाली, आणि उजवा हात मांडीवर ठेवला की मांडीवरच राहायचा. मानस गुरुग्रामहून येऊन सगळं बघून गेला, फिजिओथेरपीवाला लावून गेला. सरलाबाईंनी तोंडातून हूं की चूं केलं नाही. नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावताना एकदाच म्हणाल्या, "गुड फ्रायडेला कसं करायचं हो?"

पद्माकरराव त्या दिवसापासून दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हते. स्वतःच्या हाताचंसुद्धा त्यांना इतकं वाटलं नाही.

खंडेरावांनी माणूस शोधून आणला. कृतिका पाटोळे, श्रीरामपूरची, राजिंदर नगरला यूपीएससीची तयारी करणारी. गावी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची. पोरगी हुशार, बोटं स्वच्छ, पुस्तकात लिहिलंय तस्सं वाजवणार. तेच तर दुखणं होतं. तिला काळी चार सांगितली की ती आमेनला काळी चारच वाजवणार, आणि सगळ्या मंडळीसमोर सरलाबाई पुरा एक सूर खाली लोंबकळत राहणार.

पद्माकररावांनी आधी सरळ मार्ग काढून बघितला. खंडेराव भेटायला आले तेव्हा जड जिभेने म्हणाले, "या वर्षी... शेवटी ऑर्गन... नको."

"काय बोलता!" खंडेराव उडालेच. "लोक त्याच्यासाठी येतात!"

"अजिबात नाही," सरलाबाई आतून पोह्यांच्या बश्या घेऊन येत म्हणाल्या. "माझ्या आमेनला ऑर्गन हवा. मग मला कळणार कसं, मी कुठे आहे ते?"

पद्माकरराव पोहे खात बसले, डाव्या हाताने, सांडत.

तालमीला कृतिका घरी आली. मानसने आणून दिलेल्या कीबोर्डवर तिने सूर दिला आणि हात मागे घेतला. सरलाबाई खिडकीपाशी उभ्या राहून गायल्या. पाचव्या कडव्याला काळी तीन. नेहमीचंच. पद्माकररावांनी काठी जोरात आपटून पोरीला थांबवलं, ती आमेन वाजवणारच होती. सरलाबाईंना वाटलं, त्यांना कसला त्रास होतोय. त्या पाणी आणायला आत गेल्या आणि तेवढ्या वेळात पद्माकररावांनी, धापा टाकत, एकेक शब्द ओढून काढत, पोरीला सगळं सांगितलं.

कृतिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, हे चीटिंग नाही का?"

"आहे."

"आणि काकूंना माहीत नाही?"

"नाही."

तिने आत स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाली, "पण मला एवढं ऐकून कळत नाही काका, त्या किती खाली आल्यात ते. चर्चच्या ऑर्गनला ट्रान्सपोजचं बटण आहे. दोनदा दाबलं की पूर्ण एक सूर खाली. ते मी करू शकते. पण कधी करायचं ते तुम्ही सांगायचं. आणि मला ऑप्शन दोनच द्या, यार काका, तिसरा नको."

चर्चच्या नव्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवरचं ते बटण पद्माकररावांनी कधी वापरलं नव्हतं. बटण दाबून सूर बदलणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या पायांनी चालणं. पण आता दुसऱ्याच्याच हातांनी वाजवायचं होतं, तर बटणाचा राग धरून काय उपयोग? असं ठरलं की पद्माकरराव पहिल्या बाकावर बसतील. सरलाबाई उतरल्या, तर चौथ्या कडव्याच्या शेवटी ते डावा हात वर करतील. हात दिसला की बटण दोनदा. हात नाही, तर बटणाला हात लावायचा नाही.

"नक्की?" कृतिकाने विचारलं.

"नक्की," पद्माकरराव म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा जीव भांड्यात पडला.

गुड फ्रायडेला फरीदाबादहून भल्या सकाळी कॅब केली. सरलाबाईंची पांढरी साडी, काळ्या काठाची. वाटेत त्या नुसत्या ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत होत्या. घाबरल्यात, पद्माकररावांनी ओळखलं. घाबरू नकोस, मी सगळी व्यवस्था केलीय, असं त्यांना सांगावंसं वाटत होतं. ते काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. शेजारी अलकनंदाबाई, खंडेरावांच्या पत्नी, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, जणू आजारी माणसाची जबाबदारी त्यांच्याकडेच सोपवली होती. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत पद्माकरराव या चर्चमध्ये बाकावर कधी बसलेच नव्हते. गाणाऱ्या बायकोची त्यांना नेहमी पाठ दिसायची आणि खांद्यावरचा पदर. आज पहिल्यांदा तोंड दिसत होतं.

वाचनं झाली, प्रार्थना झाल्या. सरलाबाई पुढे आल्या. कृतिकाने काळी चार दिली आणि झाकण लावलं. आवाज मागपर्यंत गेला.

पद्माकररावांनी तो सूर कानात पकडून ठेवला, नाकातल्या नाकात, अगदी बारीक. पहिलं कडवं ठीक. ते नेहमीच ठीक असतं. दुसऱ्यात ती वरची ओढ आली. ते वाट बघत बसले, आता खाली टेकेल, आता टेकेल. सरलाबाई वरून परत आल्या आणि बरोबर मधोमध उतरल्या.

असेल, एखाद्या वेळी होतं, असं त्यांच्या मनात आलं.

तिसरं कडवं. सूर तिथेच. आवाज म्हातारा झाला होता, त्यात खरखर होती, श्वास पूर्वीपेक्षा लवकर संपत होता, सगळं खरं. पण सूर? सूर जागचा हलत नव्हता. पद्माकररावांनी स्वतःच्या कानातला सूर तपासून बघितला, आपणच तर खाली आलो नाही ना? नाही. काळी चार म्हणजे काळी चार. बायको डोळे मिटून गात होती, कपाळावर घाम होता, आणि एकेका शब्दावर अशी पाय रोवून उभी राहत होती की त्यांना हुंदकाच आला. हे काय चाललंय? कुठून आणलंस हे, बाई?

चौथं कडवं. शेवटच्या ओळीत पुन्हा तीच ओढ, आणखी लांब, जिथे दरवर्षी उरलंसुरलं सगळं निसटायचं. सरलाबाई वर गेल्या, थांबल्या, आणि वरून सावकाश खाली येत येत सुरावर अशा येऊन बसल्या की पद्माकररावांच्या तोंडून "व्वा" निघून गेलं आणि डावा हात आपसूक वर गेला.

दाद. दुसरं काही नाही. मैफलीत बसलेला कुठलाही माणूस देतो तशी, पंजा उघडा, मान डोलत.

चर्चमध्ये कुणी दाद देत नाही. गुड फ्रायडेला तर नाहीच नाही. त्या हाताचा अर्थ सगळ्या इमारतीत एकाच व्यक्तीला माहीत होता, आणि ती तिकडे ऑर्गनवर, काकांवर डोळे लावून बसली होती.

हात वर आहे हे पद्माकररावांच्या लक्षात आलं तेव्हा कृतिकाने मान हलवून झाकण उघडलंसुद्धा होतं. त्यांनी हात झटकन खाली घेतला. मग पुन्हा वर करून 'नाही, नाही' असा हलवला. पण ती आता बटणाकडे बघत होती. एकदा दाबलं. दोनदा. पद्माकररावांनी उठायला काठी शोधली, काठी बाकाखाली गेली होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटली आणि घशातून नुसतं "न्ह... न्ह" आलं. अलकनंदाबाईंनी लगबगीने बाटलीचं झाकण काढून पाणी त्यांच्या ओठांना लावलं. ते मान फिरवायला लागले तशी त्यांनी हनुवटी धरली. "हळू भाऊ, हळू. प्या दोन घोट."

समोर सरलाबाई पाचवं कडवं गात होत्या. अजून तिथेच. अजून काळी चार. पद्माकररावांच्या तोंडात पाणी होतं आणि ते ऐकत होते.

आणि मग आमेन.

ऑर्गन काळी तीनवर आला, भरघोस, ठाम. सरलाबाईंचा आवाज त्याच्यावर एक सूर उंच, एकटा पडला. मंडळीतले अर्धे त्यांच्याबरोबर, अर्धे ऑर्गनबरोबर, मग बघता बघता सगळेच ऑर्गनकडे गेले. लोक ऑर्गनकडेच जाणार. सरलाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी एकदा ऑर्गनकडे बघितलं, एकदा खाली जमिनीकडे, आणि त्याही गेल्या. आमेन संपता संपता त्या काळी तीनवर होत्या, आज सकाळपासून पहिल्यांदाच चुकीच्या ठिकाणी.

मग ती ठरलेली शांतता. एकेक करून लोक बाहेर पडले. कुणी बोलायचं नव्हतंच, त्यामुळे कुणी बोललं नाही हे वेगळं दिसत नव्हतं. कृतिका तोंड पांढरं करून ऑर्गनपाशीच बसून राहिली होती. फाटकाबाहेर खंडेराव उभे होते. त्यांनी सरलाबाईंचे हात हातात घेतले नाहीत. आपली टोपी झटकली, डोक्यावर घातली, आणि "ऊन लागेल, निघा लवकर" म्हणाले.

कॅबमध्ये सरलाबाईंनी ड्रायव्हरला "भैया, एसी थोडा कम कर दो" म्हटलं. मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघत, नवऱ्याला विचारलं, "मी चढले का हो?"

"नाही," पद्माकरराव म्हणाले. "तू... बरोबर. तंतोतंत."

"मग ऑर्गन कसा खाली आला?"

"ऑर्गन... चुकला."

"अच्छा. ऑर्गन चुकला." त्या हसल्या, म्हणजे नुसता आवाज केला हसल्यासारखा. "राहू द्या हो. तुम्ही मला कधी चुकलीस म्हणालात का आजवर? कढी नासली तरी छान, सूर गेला तरी छानच म्हणणार तुम्ही."

'छान' हा शब्द पद्माकररावांनी इतक्या वेळा खोटा वापरला होता की आज खरा वापरायची वेळ आली तेव्हा त्यात काही उरलंच नव्हतं. पुरावा म्हणून दाखवायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे? आज ऑर्गन का चुकला ते सांगायचं, तर आजवर तो का चुकत नव्हता तेही सांगावं लागणार. त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला, पण बघितलं नाही.

घरी येऊन सरलाबाईंनी साडीही न बदलता गॅसवर भात ठेवला. पद्माकररावांचा फोन जेवणाच्या टेबलावर होता. डाव्या हाताने त्यांना तो नीट धरता येत नाही, म्हणून घरात त्यांचा प्रत्येक फोन स्पीकरवरच घ्यायचा, ही आता सवय झालेली. फोन वाजला. कृतिकाचं नाव आलं. पद्माकरराव खुर्चीतून पुढे वाकले, डावा हात लांब केला, टेबलाच्या कडेला पोचला, पण फोन पलीकडच्या टोकाला होता.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. नंतर."

"अहो, बिचारी पोर रडत असेल," म्हणत सरलाबाईंनी फोन उचलून स्पीकर लावला.

पोर रडतच होती. हॅलोसुद्धा म्हणाली नाही. "काका, सॉरी, सॉरी काका! मला आता माझं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पियानो ॲपशी लावून कळलं. काकू उतरल्याच नव्हत्या. त्या शेवटपर्यंत काळी चारवरच होत्या. मग तुम्ही हात का वर केलात? मी तुमचा हात बघितला म्हणून बटण दाबलं. तुम्हीच म्हणाला होता ना, काकू दरवर्षी एक सूर खाली येतात, हात दिसला की दोनदा दाब... काका? काका, काकूंना सांगू नका प्लीज, काहीतरी दुसरं सांगा..."

सरलाबाईंनी हळूच म्हटलं, "ठीक आहे बेटा. जेवून घे," आणि फोन बंद केला.

भाताचं पाणी उतू गेलं. त्यांनी जाऊन गॅस बारीक केला, कट्टा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"कधीपासून?"

"मानसचं... लग्न."

"बाप रे." त्या टेबलाकडे बघत राहिल्या. "आणि तुम्ही माझ्या मागे मागे सूर घेऊन फिरत होतात. सगळ्यांसमोर. आणि मी हात हातात घेऊ देत होते खंडेरावांना." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "मी या वेळी काय काय केलंय माहितीये तुम्हाला? तो फिजिओवाला रोज तुमचे हातपाय हलवायला यायचा ना, तेव्हा मी भाजी आणायला जाते म्हणून गच्चीवर जायचे. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं मला, मी उतरतेय. मला वाटलं, तुमचा आधार गेला म्हणून उतरतेय! तुम्हाला सांगितलं नाही, जिवाला लावून घ्याल म्हणून. एकेक कडवं बांधत आणलं मी, देवाशपथ. घसा सोलून निघाला. टाक्यांवरची कबुतरंसुद्धा उडेनाशी झाली माझ्या गाण्याने. आणि आज..." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आज बरोबर होते ना मी? खरं सांगा. एकदा तरी खरं सांगा."

"होतीस." पद्माकररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "होतीस, सरला."

"मग हात का वर केलात?"

पद्माकररावांनी तोंड उघडलं. शब्द लवकर येईना. बायको वाट बघत बसली, फार दिवसांनी इतक्या धीराने.

"दाद," ते म्हणाले. "दाद... दिली."

सरलाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्या हसतायत की रडतायत हे पद्माकररावांना बराच वेळ उमगेना.

"आजवर कधी नाही दिलीत ती," त्या पदराआडून म्हणाल्या.

"हात... मोकळे नव्हते. कधीच. दोन्ही."

मागे भात शिजत होता. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही लागला होता. सरलाबाईंनी डोळे पुसले, नवऱ्याचेही पुसले, आणि त्यांचा उजवा हात घसरला होता तो उचलून नीट मांडीवर ठेवला.

"पण लोकांना काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. "आज मी बरोबर होते हे सांगायला गेलं, तर इतकी वर्षं नव्हते हे सांगावं लागेल."

"हो."

"आणि गप्प बसलं, तर आजचं गेलं."

"हो."

दोघंही बराच वेळ त्याच्याकडे या बाजूने, त्या बाजूने बघत बसले. कुठूनही वाट निघेना. पोरीवर ढकलता आलं असतं, तिच्या हातून बटण दाबलं गेलं म्हणून. पण ती सांगितल्याप्रमाणे वागली होती, आणि परदेशासारख्या या शहरात तिला मंडळीशिवाय दुसरं होतं कोण? ते दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनीही बोलायचं टाळलं.

फोन पुन्हा वाजला. खंडेराव. सरलाबाईंनी सवयीने स्पीकर लावला.

"सरलाबाई, हे बघा, मनाला लावून घेऊ नका," खंडेरावांचा फलाटावरचा आवाज आज अगदी मऊ होता, आणि तेच जास्त वाईट. "वय कुणाला चुकलंय? त्यात भाऊंचं आजारपण. इतकी वर्षं तुम्ही केसभर हलला नाहीत, हे आम्ही विसरणार नाही. पण आज ऑर्गनने दाखवलंच, नाही का? तर मी म्हणतो, पुढच्या वर्षीपासून ते गाणं नव्या पिढीला द्यावं. अलकनंदाचंही तेच मत पडलं. तुम्ही मानाने पहिल्या बाकावर बसायचं. चालेल ना?"

पद्माकररावांनी तोंड उघडलं. सरलाबाईंनी फोनकडेच बघत त्यांच्यापुढे तळहात धरला, राहू द्या म्हणून.

"चालेल, खंडेराव," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं. ऑर्गन कशाला खोटं बोलेल?"

फोन ठेवून त्या भात उतरवायला आत गेल्या. आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, तेच गाणं, चौथं कडवं, शेवटची ओळ. वर गेल्या, थांबल्या, आणि परत येऊन बरोबर काळी चारवर बसल्या.

पद्माकररावांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. मग त्यांनी तो परत खाली ठेवला.